माशीवरचा सारंग

औषधांच्या दुकानात लोक भरलेल्या बाटल्या मागतात. माझे घरमालक रिकाम्या मागायचे.

चौलमध्ये रस्त्याला लागून त्यांचं घर होतं. पुढची खोली त्यांनी मला मेडिकल स्टोअरसाठी भाड्याने दिली होती आणि घरामागे पार खाडीकाठच्या खाजणापर्यंत उतरत गेलेली त्यांची आंब्याची वाडी होती. रविवारी समुद्रावर आलेली मुंबईची माणसं माझ्या पायरीवर पाण्याच्या बाटल्या टाकून जायची. त्या मी गोळा करून ठेवत असे. सोमवारी सकाळी शटर पुरतं वर जायच्या आत हे गृहस्थ खालून वाकून दुकानात हजर.

“डॉक्टरीणबाई, माल आला काय?”

मी डॉक्टरीण नाही, नुसती औषधं देते, हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं. “डॉक्टरची चिठी जिला वाचता येते ती डॉक्टरपरीस मोठी,” असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. पुढे गावातली म्हातारी माणसंही मला डॉक्टरीणबाई म्हणून नाडी दाखवायला लागली. त्याला तेच जबाबदार.

सगळं गाव त्यांना सारंग म्हणायचं. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच त्यांनी जन्मभर हाकली होती, आणि लाँच हाकणारा तो सारंग. निवृत्त होऊन घरी आले तरी उभं राहायची रीत सुटली नव्हती. पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून ते अंगणात असे उभे राहायचे की वाटावं, आत्ता एक लाट येणार आणि घर उजवीकडे कलणार. मी त्यांना सारंगकाका म्हणत असे. त्यांची बायको, म्हणजे काकी, त्यांना ‘ह्ये’ म्हणायच्या. त्या ‘ह्ये’मध्ये कधी कौतुक असायचं, कधी शिवी. बहुतेक वेळा दोन्ही.

सारंगकाकांचं या जगात एकाच जीवाशी वैर होतं, ते म्हणजे फळमाशी. दिसायला घरातल्या माशीएवढीच, पण कमरेत बारीक, अंगाने पिवळट आणि पंख काचेसारखे. ही बया पिकायला आलेल्या आंब्याला टोचते आणि आत अंडी घालते. वरून आंबा सोन्यासारखा दिसतो, टाचणी टोचल्याएवढा ठिपका असला तर असला. कापला की आत पांढऱ्या अळ्या. त्या साध्या वळवळत नाहीत, अंगाची कमान करून चक्क उडी मारतात. ताटातून उडून पाहुण्याच्या मांडीवर जाण्याइतकी त्यांची झेप असते.

तर माझ्या त्या रिकाम्या बाटल्यांचे काका सापळे करायचे. बाटलीला खिडक्या कापायच्या, आत वासाच्या औषधात भिजवलेला लाकडाचा तुकडा टांगायचा आणि बाटली आंब्याच्या फांदीला बांधायची. त्या वासाला माश्या भुलतात, आत शिरतात आणि मरतात. फक्त भुलतात ते नर. हे त्यांनी शेतकऱ्यांच्या एका शिबिरात ऐकलं आणि घरी येऊन मोठ्या उत्साहाने काकींना सांगितलं.

काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “म्हंजे वास आला की नवराच भुलतो. ह्ये सांगाया शिबिर घ्यावं लागलं?”

बाटल्या बांधायच्या गाठी लाँचवरच्या. वादळात धक्क्याला बांधलेली लाँच सुटू नये अशी गाठ ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीला मारायचे. हंगाम संपल्यावर ती त्यांची त्यांनाही सुटायची नाही, मग फांदीच कापायची. बांधण्यापूर्वी बोट ओलं करून वारा बघायचा. “वास वाऱ्यावर चालतो, डॉक्टरीणबाई. आधी वारा, मंग बाटली.” हे बरोबर असावं. पण सगळंच बरोबर असायचं असं नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून एकदा माझ्याकडचं लवंगेचं सगळं तेल त्यांनी नेलं आणि बाटल्यांत घातलं. एक माशी आली नाही, मुंग्या मात्र रांगेने आल्या. त्या आठवड्यात दाढदुखीची तीन माणसं मी हात हलवत परत पाठवली. मग त्यांनी पाहिलं की तुळशीवर ही माशी बसते, तर वृंदावनातल्या तुळशीलाच बाटली बांधली. ती बाटली काकींनी थेट रस्त्यावर फेकली. दिवसभर काका माझ्या दुकानात बसून होते, जेवायलासुद्धा घरात गेले नाहीत.

औषध सांडलं की त्याचा वास हाताला आणि कपड्याला चिकटून राहतो. ते विसरून ते रेवदंड्याला भाच्याच्या साखरपुड्याला गेले. नवा पांढरा सदरा, वरच्या खिशात पेन. सकाळी बाटल्या भरताना खिशावर चार थेंब पडलेले. भटजींनी मंत्र सुरू केले तशी पहिली माशी आली आणि काकांच्या छातीवर बसली. मग दुसरी. बघता बघता खिसा काळा झाला. मुलीकडचा एक म्हातारा रुमालाने झटकायला पुढे झाला, तर काका ओरडले, “हात लावू नको! न्हाय म्हनत व्हता ना? तुमच्या वाड्यांत माशी न्हाय म्हनत व्हता ना? ह्या बघा! ह्या काय मी चौलातून खिशात घालून आनल्या?”

रेवदंड्याच्या वाडीवाल्यांनी बाटल्या बांधायला ठाम नकार दिलेला होता, त्याचा हा निकाल. भटजी मंत्र विसरले. काकांनी भर मांडवात सगळ्यांना माशी कशी ओळखायची ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवून समजावलं. अंगठी घालायचा मुहूर्त टळला तो टळलाच, पण पुढच्या आठवड्यात रेवदंड्याहून माणसं बाटल्यांची चौकशी करत माझ्या दुकानात आली.

बाटल्यांनी अर्धंच काम होतं, असं ते सांगायचे. उरलेलं अर्धं जमिनीवर असतं. झाडाखाली पडलेला आंबा तसाच कुजू दिला की त्यातल्या अळ्या बाहेर पडतात, मातीत शिरतात, कोष करतात आणि थोड्या दिवसांनी नव्या माश्या होऊन उडतात. म्हणून पडलेला प्रत्येक आंबा उचलायचा आणि खोल खड्ड्यात पुरायचा. आणि तो एकट्याने उचलून उपयोग नाही, शेजाऱ्यानेही उचलायला हवा. यासाठी त्यांनी भंगारात निघालेल्या लाँचचा हातभोंगा आणला होता. एप्रिल-मेमध्ये रोज दुपारी चहाच्या आधी ते कुंपणावर चढून भोंगा वाजवायचे, की सगळ्यांनी आपापल्या झाडाखाली वाका. पहिल्या दिवशी पाण्याचा टँकर आला समजून आख्खी आळी हंडे घेऊन रस्त्यावर. दुसऱ्या दिवसापासून लोक खरंच वाकायला लागले, कारण न वाकणाऱ्याच्या कुंपणावर येऊन ते दुसऱ्यांदा वाजवायचे.

मी काकींना एकदा विचारलं, की वाड्या तर बऱ्याच लोकांच्या आहेत, मग यांनाच एवढं वेड का?

काकींनी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “पोरीपायी.”

त्यांची एकुलती एक मुलगी उरणला दिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात काकांनी वाडीतल्या सगळ्यात चांगल्या आंब्यांची पेटी व्याह्यांकडे पाठवली. व्याही मिठागराच्या कामातून ट्रकच्या धंद्यात वर आलेला, बोलण्यात तिखट माणूस. पेटी आली म्हणून त्याने चार जणांना जेवायला बोलावलं. आंबा कापला आणि अळी उडून थेट एका पाहुण्याच्या आमरसात. व्याह्याने पेटी उचलून दाराबाहेर ठेवली आणि सुनेला म्हणाला, “तुझ्या बापाने आंबे पाठवलेत का गळ टाकायला आमिष?” सगळे हसले. मुलीने ते फोनवर आईला रडत सांगितलं. आईने काकांना सांगितलं. काकांनी त्या दिवशी जेवण टाकलं. त्यानंतर उरणला पेटी म्हणून गेली नाही. मुलीनेही कधी मागितली नाही.

“तवापासून ह्ये माशीच्या मागं,” काकी म्हणाल्या. “व्याह्याला काय करता येत न्हाय ना.”

एवढं सगळं करूनही वाडीतल्या एका बाजूला माशी हटेना. ती बाजू वकीलबाईंच्या भिंतीची.

वकीलबाई मुंबईच्या. वकिली सोडून त्या इथे बंगला घेऊन कायमच्या राहायला आल्या होत्या. त्यांच्या आवारात पायरी आणि रायवळ आंब्याची जुनी, उंच झाडं होती. बाईंचं मत असं की झाडावरून जे पडतं ते मातीचं. खारी, पाखरं, किडे, सगळ्यांचा त्यावर हक्क. मे महिन्यात त्यांच्या आवारात आंब्यांचा नुसता खच पडलेला असायचा. भोंग्याला त्या दाद देत नव्हत्या. उलट ध्वनिप्रदूषणावर त्यांनी काकांना छान शुद्ध मराठीत ऐकवलं होतं.

काका टोपी हातात घेऊन दोनदा त्यांच्याकडे गेले. दुसऱ्यांदा मीही सोबत होते.

“तुम्ही वास लावून त्यांना फसवता आणि मारता,” बाई म्हणाल्या. “मला हे पटत नाही. त्यांनाही जगायचा अधिकार आहे.”

काकांनी टोपी डोक्यावर चढवली. “बाय, एक विचारू? माशीनं तुमाला वकीलपत्र दिलंय काय?”

आम्हाला चहा मिळाला नाही.

त्यानंतर काकांनी सरळ मार्ग सोडला. दुपारी बाई वामकुक्षी घेत असताना ते भिंतीवरून पलीकडे उतरायचे, बादली भरायचे आणि परत यायचे. बाईंचा राखणदार त्यांना बादली भिंतीवरून हातात द्यायचा. तो पूर्वी त्यांच्या लाँचवर खलाशी होता, त्यामुळे कोणाचं ऐकायचं याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. हे आठवडाभर छान चाललं. मग एका दुपारी बाईंना झोप लागली नाही.

हवालदार दुकानात आले तेव्हा मी हिशेब लावत होते आणि काका बाटल्यांना खिडक्या पाडत होते. हवालदारांच्या मागून वकीलबाई.

“काय चोरलंत?” हवालदारांनी विचारलं.

“आंबे,” काका म्हणाले.

“कसले?”

“कुजलेले.”

हवालदारांनी टोपी काढून घाम पुसला. “मग ते आता कुठे आहेत?”

“पुरलेत.”

“पुरलेत?”

“मंग काय, खानार व्हतो?”

“आंब्यांबद्दल माझी तक्रारच नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “तक्रार भिंत ओलांडल्याची आहे. आज हे आले, उद्या कोणीही येईल. मी एकटी राहते.” यावर काकांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. ते बरोबर होतं, आणि ते त्यांनाही कळत होतं.

तरी तक्रार होती, तेव्हा मुद्देमाल पाहायला हवा होता. सगळे वाडीत गेलो. पंच म्हणून मला उभं केलं. काकांनीच खड्डा उकरला. वरची माती गेली तसा असा वास आला की हवालदारांनी पंचनामा दुरूनच करायचं ठरवलं. एक अळी उडाली आणि त्यांच्या बुटावर बसली. त्यांनी पाय झटकला तर दुसऱ्या बुटावर.

“पुरावा ठेवायला काहीतरी द्या,” ते मला म्हणाले. मी दुकानातली गोळ्यांची मोठी काचेची बरणी आणली. काकांनी आतमध्ये दोन आंबे घातले आणि मग फार आदराने म्हणाले, “सायेब, वाईच मातीपन घ्या. मातीसकट सापडले ना?”

हवालदारांनी बाईंकडे पाहिलं.

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “पुरावा जसा सापडला तसाच जपायला हवा.”

“आनी झाकनाला चार भोकं पाडा. नायतर पुरावा गुदमरंल.”

“पाडा भोकं,” बाई म्हणाल्या. माझ्याकडच्या खिळ्याने भोकं पाडून हवालदार बरणी पोटाशी धरून घेऊन गेले. काका त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा इतका निरागस होता की मला भीती वाटली.

पुढचे बरेच दिवस त्यांनी तक्रारीचा विषय काढला नाही. फक्त अधूनमधून बोटांवर काहीतरी मोजायचे. मग एका सकाळी चौकीतून निरोप आला की पंचांसकट सगळ्यांनी ताबडतोब यावं.

बरणी कपाटावर होती. आत आंब्यांचा नुसता चोथा झाला होता आणि काचेवर आतून माश्याच माश्या. झाकणाच्या भोकांतून त्या एकेक करून बाहेर पडत होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर माश्या, हजेरीपटावर माश्या, आणि टेबलावर फौजदारसाहेबांच्या उघड्या डब्यातल्या आंब्याच्या फोडींवर तर दाटी. साहेब हातात वही घेऊन उभे होते.

“हा मुद्देमाल कोणाचा?”

“आंबा बाईंचा,” काका अदबीने म्हणाले. “पोरं मातूर सरकारची. तुमच्या ताब्यात जन्मली.”

वकीलबाईंनी चष्मा लावला, बरणी खाली उतरवून घेतली आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिली. दोन आंबे आत गेले होते ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या.

“म्हणून भोकं पाडायला लावलीत!”

“तुमीच म्हनालाव, पुरावा जपा.”

बाईंनी तक्रार मागे घेतली. पण वकिली इतक्यात कुठली सुटायला. चौकीच्या पायरीवर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “आंबे मी रोज उचलेन. तुम्ही यायचं ते फाटकातून, घंटी वाजवून. आणि आता माझा एक प्रश्न. तुमच्या परसात पेरूचं झाड आहे. बारा महिने त्याच्याखाली पेरू पडलेले असतात. त्यात कोण राहतं?”

सारंगकाकांची बोलती बंद झालेली मी त्या दिवशी पाहिली. तो पेरू काकींचा. काकींच्या पेरूला हात लावायची हिंमत गावात कोणाची नव्हती, सारंगाची तर नव्हतीच.

“त्यो झाड माजा न्हाय,” ते कसंबसं म्हणाले. “घरच्यांचा हाय.”

“मग तिथल्या अळ्यांचं वकीलपत्र घरच्यांनी घेतलंय का?”

परतीच्या वाटेवर काका एवढंच म्हणाले, “बाय हुशार हाय.”

पेरूचा निकाल माझ्या दुकानातून लागला. काकी झाड तोडू देणार नव्हत्या आणि त्याला बाटली बांधू देणार नव्हत्या. मग प्रत्येक पेरू लहान असतानाच कागदात गुंडाळायचं ठरलं, म्हणजे माशीला टोचता येणार नाही. कागद म्हणून माझ्याकडची औषधाच्या गोळ्या घालून द्यायची पाकिटं. वकीलबाई शिडीवर, काकी खालून सूचना देणाऱ्या, आणि काका शिडी धरून, पाय फाकवून. त्या वर्षी परसातलं ते झाड बघायला लोक मुद्दाम यायचे. फांदी फांदीला पाकिटं लटकलेली आणि प्रत्येकावर छापलेलं: सकाळ, दुपार, रात्र. जेवणाआधी, जेवणानंतर.

पुढच्या हंगामात माशी हटली असं मी म्हणणार नाही. पण भिंतीकडच्या बाजूचे आंबे काढले, पेंढ्यात घातले, पिकवले आणि काकांनी एकेक उजेडात धरून पाहिला, तेव्हा एकालाही ठिपका नव्हता. त्यांनी पेटी भरली. काकींना काही बोलले नाहीत. इस्त्रीचा सदरा घातला, तो आधी मला हुंगायला लावला आणि पेटी खांद्यावर घेऊन उरणच्या एसटीत बसले.

तिथे जाऊन त्यांनी काय केलं ते मला त्यांच्या मुलीने नंतर सांगितलं. व्याह्यांच्या ओसरीवर ते बसले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. पेटी फोडली आणि म्हणाले, “सुरी आना.” मग व्याह्याच्या डोळ्यांसमोर एक आंबा कापला. साफ. दुसरा कापला. साफ. व्याही म्हणाला, बरं, पटलं. काका ऐकेनात. तिसरा, चौथा, पाचवा. ताटं भरली, परात भरली. व्याह्याने शेजारीपाजारी बोलावले, ट्रकवरचे क्लीनर बोलावले, ते खात होते आणि काका कापत होते. व्याही हात जोडून म्हणाला, “सारंग, बस करा, माझी चूक झाली.” काका म्हणाले, “पेटी संपू दे.”

संध्याकाळी ते घरी परत आले ते रस्त्यावरूनच ओरडत. “एक न्हाय! आख्ख्या पेटीत एक अळी न्हाय!” काकींनी गूळ-खोबरं वाटलं. वकीलबाईंनी स्वतः येऊन अभिनंदन केलं. काकांनी भोंगाही वाजवला, आणि या वेळी बाईंनी ध्वनिप्रदूषणाचं नाव काढलं नाही.

पावसाच्या तोंडावर मुलगी माहेरी आली. दुकानात बाळाचं औषध घ्यायला म्हणून आली आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, “ताई, कोणाला सांगू नकोस हां. शेवटच्या आंब्यात होती.”

“काय?”

“अळी. एकच. कोयीजवळच्या फोडीत. बाबांनी फोड कापून सासऱ्यांच्या हातात दिली. सासऱ्यांनी ती बघितली. मला वाटलं, आता परत पेटी बाहेर जाणार. त्यांनी एकदा बाबांकडे बघितलं. बाबा घामाने निथळत होते, हात कोपरापर्यंत रसाने भरलेले. सासऱ्यांनी फोड तोंडात घातली, चावली आणि गिळली. म्हणाले, ‘साखर आहे.’ बाबांना सांगू नकोस. मरतील ते.”

मी सांगणार नव्हतेच. पण संध्याकाळी काका बाटल्या मोजायला आले तेव्हा माझा चेहरा काहीतरी बोलला असावा. ते थांबले. दाराकडे पाहिलं, काकी परसात होत्या.

“पोरीनं सांगितलं व्हय तुला?”

मी बाटल्यांची गोणी त्यांच्यापुढे सरकवली.

“मी बघितली,” ते म्हणाले. “मीच कापली ना फोड. सुरीवरच व्हती.”

“मग दिलीत कशाला त्यांच्या हातात? आणि खाताना थांबवलं का नाहीत?”

काकांनी एक बाटली उचलली, फुंकर मारून आतली धूळ काढली आणि उजेडाला धरून पाहिली.

“थांबवनार व्हतो. तोंड उघाडलंपन. मंग म्हटलं, माजी पोर हाय ना त्याच्या घरात नांदत. एक अळी नांदली त्याच्या पोटात, तर काय बिघाडलं?”